फाइटच्या आधीचा ‘खाडा’

“मॅडम, फाइटच्या आधी आराम केला तर स्टॅमिना उतरेल ना?”

मी खेळाडूंचं समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या हौशी बॉक्सरांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. मग तो लालबागचा मुलगा असो, नाहीतर विरारहून लोकलने येणारी मुलगी. त्याच्या मागोमाग दम तुटेल, वजन चढेल, हात जड होतील हेही येतं. शेवटी आवाज खाली आणून सांगितलं जातं, “समोरचा आजसुद्धा रिंगमध्ये असणार.”

सरळ उत्तर आधी देते. दोन-चार दिवसांच्या आरामाने दम तुटत नाही. सराव पूर्ण बंद ठेवला तर साधारण दहा-बारा दिवसांनी घट जाणवू लागते. फाइटआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नवा दम कमावता येत नाही, साठलेला थकवा मात्र उतरवता येतो. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. मुलं मान डोलावतात आणि संध्याकाळी पुन्हा ठोसे मारायच्या बॅगवर जातात. नुसत्या माहितीने भीती हटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून सांगत आले की माणसाला प्रसंग छळत नाही, त्या प्रसंगाबद्दलची त्याची धारणा छळते. मी त्याच वाटेने काम करते, म्हणून समोरचा माणूस कुठला शब्द वापरतो याकडे माझा कान असतो.

परळच्या चाळीतला एक मुलगा, वय एकवीस, वजनी गट ६० किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतलं बोलणं आवरून लिहिलं आहे.) त्याच्या सरांनीच त्याला पाठवलं होतं. स्पर्धा महिन्यावर आली होती, सरांनी हातात धरलेल्या पॅडवर ठोसे मारताना त्याचे हात वर राहत नव्हते आणि सहा आठवड्यांत त्याने एकही दिवस सुट्टी घेतली नव्हती. सरांनी सक्तीने एक दिवस घरी बसवलं, तर हा सकाळी रेनकोट घालून वरळी सी फेसला पळून आला.

“का पळालास?”

“काट्यावर सहाशे ग्रॅम जास्त दिसले.”

“आदल्या रात्री काय जेवलास?”

“वरण-भात. जरा जास्तच.”

ते सहाशे ग्रॅम चरबीचे नव्हतेच. स्नायू भातातली साखर ग्लायकोजन म्हणून साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. आरामाच्या दिवशी ही कोठी भरते, म्हणून काटा थोडा वर सरकतो. फाइटमध्ये तीन मिनिटांच्या तीन राउंडना हाच साठा कामी येतो. रेनकोट घालून त्याने पाणी गाळलं आणि साठाही जाळला. मुंबईच्या दमट हवेत एरवीही घाम नीट वाळत नाही, त्यात प्लास्टिकच्या आत तो वाळणारच नाही. तिथे अंगातली उष्णता साठत जाते आणि उष्माघाताची पाळी येते. ६० किलोच्या मुलाच्या अंगातलं सव्वा किलो पाणी गेलं की वजनाच्या दोन टक्के गेलं. तिथून दमही घसरतो आणि नजरेची चपळाईही.

त्याला हे पटलं, तरी पुढच्या आठवड्यात त्याने सुट्टी घेतली नाही.

तिसऱ्या भेटीला मी त्याला सरावाची वही आणायला सांगितली. वही दोनशे पानी होती, रेघा पट्टीने मारलेल्या, अक्षर सुरेख. रनिंग, स्किपिंग, शॅडो (एकट्याने हवेत ठोसे मारणं), बॅग, पॅड, प्रत्येकाचा रकाना वेगळा. मागच्या पानांवर काही चौकोनांत लाल शाईने ‘खा’ लिहिलेलं होतं. मला वाटलं, खाण्याची नोंद असेल.

“हे ‘खा’ म्हणजे काय?”

“खाडा.”

“कसला खाडा?”

“सुट्टीचे दिवस, मॅडम. मागच्या वर्षीचे. सरांनी दिलेले.”

“खाडा शब्द कुठून आणलास?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आई कालनिर्णयवर लिहिते. चार घरची कामं आहेत तिची, प्रभादेवीला. एक खाडा झाला की तेवढे पैसे कापतात. ती तापातसुद्धा खाडा करत नाही.” पुढचं त्याने खाली बघून सांगितलं. “ती सहाला निघते. मी तेव्हा अंथरुणात असलो तर मला ते बघवत नाही.”

स्टॅमिना, वजन, समोरचा मुलगा हे सगळे वरवरचे पापुद्रे होते. राबणाऱ्या आईच्या घरात लोळत पडण्याची लाज त्यांच्या खाली होती. ज्या हिशोबात काम नाही म्हणजे पैसे कापले, त्या हिशोबात विश्रांतीला तोट्याशिवाय दुसरं नाव मिळत नाही. मग ग्लायकोजन कितीही समजावलं तरी लाल शाई पुसली जात नाही. ती दोन अक्षरं वाचून मी पुढे गेले नाही, थांबून विचारलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

“तुझे आजोबा गिरणीत होते ना? त्यांना सुट्टी कधी असायची?”

“रविवारी.”

“ती गिरणी कामगारांना १८९० साली मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे याच मुंबईत काही वर्षं झगडत होते. रविवार घरी काढणाऱ्या आजोबांना कुणी कामचुकार म्हणायचं का?”

“नाही. रविवार तर हक्काचा.”

“मग तुझा?”

त्याने वही जवळ ओढली आणि बराच वेळ त्या ‘खा’कडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “मॅडम, पण त्या दिवशी शरीर काम करतं ना? तुम्हीच म्हणालात, कोठी भरते. मग तो खाडा कसा? ती सुट्टी भरपगारी झाली.”

हा शब्द त्याचा त्याने शोधला. मी दिला असता तर दारातच विसरून गेला असता. त्याला घरी एकच काम दिलं, आईला हे सांगायचं. तिचं उत्तर त्याने पुढच्या भेटीत ऐकवलं. “मग झोप की. पाणी मी भरते, तुला कुठं उठवते?” इतकी वर्षं तो तिच्या वतीने स्वतःचे पैसे कापत होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यानंतर सर, तो आणि मी बसून शेवटचे चौदा दिवस आखले. ते इथे तपशिलाने देते, कारण ‘आराम कर’ एवढं ऐकून कुणालाच आराम करता येत नाही.

आधी ओझं मोजलं. सराव किती जड गेला याला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि मिनिटांनी गुणायचं. सकाळची ४० मिनिटांची धाव, जडपणा ५, म्हणजे २००. संध्याकाळचे ९० मिनिटं, जडपणा ७, म्हणजे ६३०. दिवसाचे ८३० आणि सहा दिवसांचे जवळजवळ पाच हजार. शेवटच्या आठवड्यात हा आकडा अडीच हजारांच्या आसपास आणायचा. इथे हमखास चूक होते ती वेग कमी करण्याची. कमी करायची ती मिनिटं. पॅडवर आठ राउंडऐवजी तीन करायचे, पण ठोसे फाइटच्याच वेगाने. सगळंच मंद केलं तर हात मंदपणाच शिकतात.

जोरदार स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, फाइटच्या आठ-दहा दिवस आधी संपवायचं. स्नायूंची ठणक एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असते, भुवईवरची चीर किंवा सुजलेला अंगठा त्याहून जास्त वेळ खातो. पूर्ण विश्रांती फाइटच्या दोन दिवस आधी ठेवली, आदल्या दिवशी नाही. पूर्ण आरामानंतरच्या सकाळी बऱ्याच जणांना अंग आळसावल्यासारखं वाटतं आणि नेमकं तेच घाबरवतं. म्हणून आदल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं शॅडो, थोडे पॅड, अंग मोकळं झालं की थांबायचं.

रोज सकाळी उठून बसण्याआधी, पडल्या पडल्या पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. आठवडाभरात आपला नेहमीचा आकडा कळतो. त्याचा ५४ होता. सलग तीन दिवस पाच-सहा ठोके जास्त आले आणि सोबत झोप उडालेली, चिडचिड, भूक मेलेली असेल, तर त्या दिवशीचा सराव हलका करायचा. वजन शौचानंतर, पाणी पिण्याआधी, रोज त्याच कपड्यांत करायचं. झोपेत घाम आणि श्वासावाटे साधारण अर्धा किलो उतरतं, म्हणून आदल्या रात्री काटा गटाच्या अर्ध्या किलोपेक्षा वर नसला की पुरे.

झोपेचा प्रश्न चाळीत अवघड असतो. पहाटे पाण्याची वेळ, वरच्या मजल्यावरचा टीव्ही. त्याला रात्री दहा ते साडेपाच, आणि दुपारी तीनच्या आत वीस-तीस मिनिटं अशी झोप बसवून दिली. फाइटच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरायचं नाही, एका रात्रीने ठोशातली ताकद फारशी जात नाही. त्याआधीच्या चार-पाच रात्री सांभाळायच्या.

आरामाचा दिवस वाया कसा जातो तेही सांगते. मित्रांसोबत ‘हलकंच’ म्हणून तासभर क्रिकेट. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने दोन तास. आदल्या दिवशी कुणाकडून तरी जोरात मालिश, मग सकाळी खांदे ठणकलेले. दुखणं दाबायला वेदनाशामक गोळी, म्हणजे शरीराची तक्रार ऐकायचंच बंद. रात्री एकपर्यंत मोबाइलवर समोरच्याच्या जुन्या फाइट. म्हणून त्या चौकोनात कामं लिहायची: नाडी, हातांना गुंडाळायचं बँडेज धुवून वाळत घालणं, दोन वेळचा भात, दुपारची झोप, संध्याकाळी वीस मिनिटं चालणं. चौकोन रिकामा राहिला की त्यात बॅग घुसते.

एका बाबतीत मात्र मी समुपदेशन थांबवते. डोक्याला मार लागून नंतर डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, गुंगी किंवा विसराळूपणा दिसला तर लगेच डॉक्टरकडे. तो विश्रांतीच्या वेळापत्रकाचा विषयच नाही. डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबवली असेल तर किमान ३० दिवस रिंगबाहेर राहण्याचा नियम आहे, आणि त्यात स्पारिंगही आलं. वरिष्ठ पुरुष गटात २०१३ पासून हेडगार्डही गेलं. इथे भीती कमी करणं माझं काम नाही, उलट ती हवीच.

वजनाच्या सकाळी काट्यावरून उतरला की घोट घोट करत अर्धा लिटर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मग केळी आणि पोहे. फाइटपर्यंत निदान तीन तास मिळतात, तेवढ्यात हे पचतं. वडापाव पचत नाही.

पहिली पूर्ण सुट्टी त्याने स्पर्धेच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी घेतली. रविवारी पॅडनंतर सरांच्या फोनवरून बोलला, “मॅडम, शुक्रवारचा पगार आज मिळाला. हात आपोआप वर येत होते.”

स्पर्धेत तो दोन लढती जिंकला आणि तिसरी गुणांवर हरला. त्यानंतर वही घेऊन आला. मागच्या वर्षीच्या लाल ‘खा’वर त्याने काहीच खोडलं नव्हतं. नव्या पानावर मात्र दोन दिवसांपूर्वीच्या चौकोनात ‘भ. प.’ होतं आणि त्याखाली सकाळची नाडी, ५५.

“आता पुढे किती दिवस?” त्याने विचारलं.

“डोकं दुखतंय?”

“नाही. डावं मनगट थोडं.”

“मनगट डॉक्टरला दाखव. ते बरं होईपर्यंत बॅग नाही. बाकी चार दिवस फक्त चालणं, आणि स्पारिंग दोन आठवड्यांनी, सरांना विचारून.”

त्याने खिशातून पेन काढलं, शाई निळी होती, आणि चारही चौकोन माझ्यासमोरच भरले.