आधी झोपेचं विचारून बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. देवगडकडच्या माजी सैनिकांकडून पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात घर करून राहणाऱ्या आघाताच्या आजाराचा, पाच प्रश्नांचा कागद भरून घेतलास आणि सगळे एकजात 'काही नाही' म्हणून चहा पिऊन गेले. वाचून हसलो. कागद चांगला आहे, पण त्यातल्या पहिल्याच ओळीला गाडी अडते. 'भयंकर काही अनुभवलंत का?' याला 'नाही' आलं की पुढचे पाचही प्रश्न शून्य. आणि फौजी माणूस 'नाही'च म्हणणार. त्याच्या लेखी ती ड्युटी होती.

म्हणून कुठली पलटण, कुठे कुठे पोस्टिंग झालं, बरोबरचं कोणी परत आलं नाही का, असं विचारत जा. 1971 ला विशी-बाविशीत असलेला गडी आज पंचाहत्तरीत आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत या आजाराला नाव मिळालं 1980 मध्ये. तो गावी परतला तेव्हा त्याच्या दुखण्याला नावच नव्हतं. 1987 नंतर श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांना नाव होतं, पण ते सांगणारं कोणी नव्हतं. घरच्यांनी बाधा समजून देवळात गाऱ्हाणं घातलं. त्यावर हसू नकोस, निदान कोणीतरी लक्ष तरी दिलं.

म्हातारपणी हे दुखणं छातीतली धडधड, पोटातली जळजळ, झोप नाही अशा वेशात येतं. निवृत्ती, बायकोचं जाणं, मुलं मुंबईला. हातात काम राहिलं नाही की दाबून ठेवलेलं वर येतं. विसरभोळेपणाही दिसतो, मग स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, तेव्हा घाई करू नकोस.

सुरुवात झोपेपासून कर, आणि जमलं तर घरच्या बाईला वेगळं विचार. रात्री उठून कड्या तपासतात का? झोपेत हात उगारतात म्हणून ती ओटीवर निजते का? बागेत वानर हाकलायला कोणी सुतळी बॉम्ब लावला की ते काय करतात? एका बाईंनी मला सांगितलं होतं, आंब्याच्या दिवसांत हे जेवायला भिंतीला पाठ लावूनच बसतात. हे कुठल्या फॉर्मात येणार?

आणखी एक. तोफखान्यातला माणूस बऱ्याचदा बहिरा असतो. तू ओरडून विचारणार, 'अपराधी वाटतं का?' आणि बाहेरच्या बाकावरची अर्धी वाडी ऐकणार. प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून हातात दे.

त्या कागदातल्या पाचांपैकी तीन-चार 'होय' आले तरी ते निदान नव्हे. सविस्तर बोलायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचार. घरात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे का, हेही. आपल्याकडे ती असते आणि कोणी विचारत नाही.

माझी चूक सांगतो. एका निवृत्त हवालदाराला मी कितीतरी वर्षं झोपेच्या गोळ्या देत राहिलो. ते विहिरीजवळ पडले, खुबा मोडला. त्या गोळ्यांनी म्हातारा माणूस पडतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं, हे मला तेव्हाही वाचून माहीत होतं. पण रांग मोठी होती. बोलण्याची उपचारपद्धती आणि सर्ट्रालिनसारखी औषधं, हा मार्ग मानसोपचारतज्ज्ञाकडून जातो. सर्ट्रालिन चालू झालं तर रक्तातल्या सोडियमवर लक्ष तुलाच ठेवावं लागेल.

पाठवायचं कुठे हे आधी ठरव, मगच विचार. 'रत्नागिरीला जा' एवढंच म्हणालीस तर तिथलं मनोरुग्णालय डोळ्यांसमोर येऊन माणूस पुन्हा तोंड दाखवणार नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे का बघ, सैनिक कल्याण कार्यालयात एक ओळखीचा माणूस ठेव, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा 14416 हा नंबर बायकोच्या फोनमध्ये टाकून दे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी हे सगळे बँकेत येतात. रक्तदाबाचं यंत्र घेऊन तिथल्या बाकावर बस. स्टेथोस्कोप दिसला की आपणहून येतील.

तुझा,
जुना डॉक्टर