राखीव टॅकल चांगला खेळला, हे ठरवायचं कशावरून?

प्रश्न असा आहे की, अमेरिकन फुटबॉलमध्ये दुसऱ्याच्या दुखापतीमुळे मैदानात आलेल्या राखीव टॅकलने (क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्याचं, रक्षण करणाऱ्या रांगेच्या टोकाचा गडी) सामन्यात एकही सॅक दिला नाही, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू हातात असताना पाडू दिलं नाही, म्हणजे तो चांगला खेळला ना? एवढ्यावरून काहीच ठरत नाही. क्वार्टरबॅकने दोन सेकंदांत चेंडू सोडला तर हरलेला टॅकलही वाचतो. क्वार्टरबॅक चार सेकंद चेंडू धरून उभा राहिला, तर बऱ्या टॅकलच्या नावावरही सॅक लागतो.

आधी त्याला मिळालेली मदत मोजा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून सगळे 22 खेळाडू दाखवणारं ऑल-22 चित्रण घ्या आणि त्यातही एंड झोनमागचा, म्हणजे मैदानाच्या टोकामागचा कोन. प्रत्येक पासला तीन गोष्टी टिपा: आपल्याच टाइट एंड किंवा रनिंग बॅकने जाता जाता रशरला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला) धक्का दिला का, शेजारचा गार्ड टॅकलच्या बाजूला सरकला का, चेंडू किती वेळात सुटला. स्क्रीन (रशरना पुढे येऊ देऊन दिलेला छोटा पास) आणि झटपट पास बाजूला काढा. एकट्याने अडीच सेकंद तग धरायचे जे डाव उरतील, तीच खरी परीक्षा. ईएसपीएन वाहिनीचा पास ब्लॉक विन रेटही (रशरला रोखण्यात किती वेळा यश आलं, याचं प्रमाण) अडीच सेकंदांवरच बेतलेला आहे. एका सामन्यात असे डाव थोडेच निघतात, त्यामुळे दोन-तीन सामने एकत्र करून बघा.

मग हरला तिथे का हरला, ते पाहा. बाहेरून येणाऱ्याच्या धास्तीने तो फार रुंद सरकतो आणि रशर आतून निसटतो. कंबर उंच राहिली की समोरच्याच्या जोरापुढे थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलला जातो. हात छातीऐवजी खांद्याबाहेर पडले की होल्डिंगचा (पकडून धरण्याचा) दंड, म्हणजे 10 यार्ड गेले. दोन रशर जागा बदलतात तेव्हा गार्डशी अदलाबदल चुकली, तर मी ती फार धरत नाही. आठवड्याचा बहुतेक सराव पहिल्या पाच जणांच्या वाट्याला जातो, आणि ही समज सरावाने येते. पाय मंद असतील तर मात्र सरावाने फारसं साधत नाही.

जागा कोणती होती, हेही बघा. उजवीकडून डावीकडे गेलं की मागे टाकायचा पाय बदलतो. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) कॅन्सस सिटी चीफ्स संघाचे फिशर आणि श्वार्ट्झ हे दोन्ही टॅकल जायबंदी होते. उजवीकडे खेळणारा रेमर्स डावीकडे गेला, गार्ड वायली उजवा टॅकल झाला, म्हणजे फिशरच्या एका दुखापतीपायी तीन जागा हलल्या. समोरच्या टँपा बेने बहुतेक वेळा चारच रशर सोडूनही चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सवर 29 वेळा दबाव आणला, चीफ्स 9-31 असे हरले. त्या रात्रीवरून रेमर्सची किंमत करणं अन्याय आहे. उलट 2017 च्या हंगामात ईगल्स संघाचा राखीव टॅकल वायताई ऑक्टोबरपासून जायबंदी पीटर्सच्या एकाच जागी खेळत आला आणि सुपर बोलपर्यंत तिथे रुळला.

पीएफएफ या विश्लेषण संस्थेचे गुण जरूर बघा, पण त्या डावात कुणी कुणाला अडवायचं होतं, हे त्यांना संघाकडून कळत नसतं.

शेवटचा हिशेब जागांचा. एनएफएलमध्ये सामन्याला 48 खेळाडू उतरवायचे तर त्यांत निदान आठ लाइनमन (टॅकल, गार्ड आणि मधला सेंटर यांच्या रांगेतले गडी) लागतात, म्हणजे पाच जागांना सहसा तीनच राखीव. त्यामुळे फक्त उजवा टॅकल खेळणाऱ्यापेक्षा थोडा कमी कुवतीचा, पण गार्ड आणि सेंटर दोन्ही सांभाळणारा गडी मी आधी ठेवीन.