जुन्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज 16 वरून 11 वर आलं, आधी काय तपासू?

भाऊ, इंजिन खोलायच्या आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला अन् गाडी गरम झाली की बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग इंजिन पुरेसं तापत नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते थंडच वाटतं आणि पेट्रोल जास्त जात राहतं. सकाळी आठ-दहा किलोमीटर चालवूनही टेम्परेचरचा काटा खालीच असेल, तर दोष बहुधा इथंच. नवा बसवाच. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर अन् पंखा दुरुस्त करायचा असतो, थर्मोस्टॅट काढायचा नसतो.

दुसरं, ब्रेक. पांदण रस्त्याचा चिखल कॅलिपरच्या (चाकावर ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) पिनांत बसतो अन् ब्रेक पूर्ण सुटत नाही. फारसा ब्रेक न मारता गाडी चालवा, थांबून प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तेच पकडतंय.

टायरची हवा थंड असतानाच बघा. एअर फिल्टर धुळीनं भरला असेल तर बदला, पण फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत त्यानं पिकअप सुधारतो, अ‍ॅव्हरेज फारसं नाही. अन् अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते फुल असंच मोजा, काट्यावरून नको.