‘ई. एफ. ३०’ वाचताना

“मॅडम, हृदय ३० टक्केच चालतंय म्हणजे ७० टक्के बंद पडलं की!” हार्ट फेल्युअरचे (हृदय बंद पडणे नव्हे, तर ते पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकणे) निदान झालेल्या रुग्णांकडून सोलापुरात मी ही भीती वारंवार ऐकते. पूर्व भागातील एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), ज्यांचे उभे आयुष्य यंत्रमागावर गेले आणि वयाच्या ५६व्या वर्षी ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, इको तपासणीच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावरील ‘ई. एफ. ३०’ हा आकडा पेनाने गोल करूनच आले होते.

निरोगी हृदयही एका ठोक्यात डाव्या कप्प्यातील सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते; हेच प्रमाण म्हणजे ई. एफ. (इजेक्शन फ्रॅक्शन). त्यामुळे ३० हा आकडा शंभराशी नव्हे, तर साठाशी ताडून पाहायचा असतो. हृदय बरेच अशक्त झाले आहे हे मी लपवले नाही; मात्र नियमित औषधांनी अनेकांचा हा आकडा वाढतो, हेही सांगितले.

“मलाच का?” या प्रश्नाचे उत्तर मात्र आकड्यांतच होते. जगात सुमारे ६ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, भारतात ८० लाख ते १ कोटी रुग्ण असावेत असा अंदाज आहे, आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे १० वर्षे आधी, म्हणजे कमावत्या वयातच गाठतो.

खरे ओझे काकूंनी सांगितले. आडवे झाले की दम लागत असल्याने काका रात्र बसून काढत. तरीही लघवी वाढवणारी गोळी ते चुकवत, कारण चाळीतला संडास जिना उतरून होता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. अशा रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येते, आणि मला वाटते, अशा न बोललेल्या अडचणींचा त्यात मोठा वाटा असतो. डॉक्टरांनी गोळी सकाळी दिली, मीठ, लोणचे आणि शेंगाचटणीवर मर्यादा घातली, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढल्यास लगेच येण्यास सांगितले.

जानेवारीत काकू भिंतीवरची दिनदर्शिकाच घेऊन आल्या. रोजच्या चौकटीत वजन लिहिलेले होते. एकच चौकट रिकामी होती.

“आदल्या रात्री गड्ड्याच्या जत्रेला गेलतो,” त्या म्हणाल्या, “सकाळी हे लवकर उठलेच नाहीत.”