पार्टिकल डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये संशोधक नेमकं काय करतो? अ‍ॅम्प्लिफायर लावला की झालं ना?

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, म्हणून थेट आकड्यांवरून सांगतो. उदाहरण घेऊ जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाच्या सिलिकॉन ट्रॅकरचं, म्हणजे कणांचा माग टिपणाऱ्या सेन्सरांचं.

300 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमधून वेगवान भारित कण आरपार गेला की साधारण 22,000 इलेक्ट्रॉन मोकळे होतात, म्हणजे जेमतेम 3.5 फेम्टोकूलॉम चार्ज. त्यात प्रोटॉनांचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी एकमेकांवर आदळतात, त्यामुळे हा चार्ज कुठल्या टकरीतला हेही कळायला हवं. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो, हवा तेवढा मिळतो. नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारा नको असलेला चढउतार, हजारेक इलेक्ट्रॉनांच्या आसपास रोखणं कठीण, आणि बरीचशी मेहनत तिथेच जाते.

सीएमएसमध्ये हे काम एपीव्ही25 ही 0.25 मायक्रॉन सीमॉसमधली चिप करते. तिच्यात 128 चॅनेल आहेत. प्रत्येकात चार्ज प्रीअ‍ॅम्प, 50 नॅनोसेकंदांचा शेपर (पल्सला ठरावीक आकार देणारं सर्किट) आणि 192 खणांची अ‍ॅनालॉग पाइपलाइन. ट्रिगरचा, म्हणजे ही टक्कर नोंदवायची की नाही याचा, निर्णय यायला काही मायक्रोसेकंद लागतात, तोवर सॅम्पल त्या खणांत थांबून राहतात. पीक मोडमध्ये, म्हणजे पल्सच्या शिखरावरचं एकच सॅम्पल घेताना, नॉइज अंदाजे 270 इलेक्ट्रॉन, अधिक इनपुटच्या दर पिकोफॅरडमागे 38. सेन्सरवरच्या दहा सेंटिमीटर लांबीच्या स्ट्रिपची (चार्ज गोळा करणाऱ्या पट्टीची) कपॅसिटन्स 12 पिकोफॅरड धरली तर सव्वासातशेच्या घरात. डीकन्व्होल्यूशन मोडमध्ये लागोपाठच्या तीन सॅम्पलांना वजनं देऊन पल्स एकाच टकरीपुरती आखडतात, तेव्हा तोच नॉइज साडेअकराशेच्या पुढे जातो. वेळेची अचूकता अशी नॉइज देऊन विकत घ्यावी लागते.

शेपिंग टाइम कमी केला की कपॅसिटन्समुळे येणारा नॉइज वाढतो, जास्त ठेवला की लीकेज करंटचा (सेन्सरमधून आपोआप झिरपणाऱ्या प्रवाहाचा). रेडिएशननं लीकेज वर्षागणिक चढत जातो. तापमान वाढलं की तो दर सात-आठ अंशांना दुप्पट होतो, म्हणून सेन्सर शून्याच्या खाली थंड ठेवतात.

आता बेंचवरचं काम, माझ्या मते खरं शिक्षण इथे होतं. आधी सेन्सर न जोडता नुसत्या चिपचा नॉइज मोजायचा. मग वायरबाँड करून, म्हणजे चिप आणि सेन्सर बारीक तारांनी जोडून, सेन्सरवरचं बायस व्होल्टेज हळूहळू चढवायचं. सेन्सर डिप्लीट होत जातो (त्यातले मोकळे भारवाहक बाहेर ओढले जातात) तशी कपॅसिटन्स घटते, नॉइज उतरतो आणि पूर्ण डिप्लीशनला सपाट होतो. त्यापुढे पुन्हा चढू लागला तर कुठेतरी ब्रेकडाउन सुरू झालाय. एखाद्या चॅनेलचा नॉइज शेजाऱ्यांपेक्षा खूपच कमी दिसला तर खूश होऊ नका, बाँड तुटलेला असतो. चॅनेल सॅच्युरेट होऊन मेला असेल तर कपलिंग ऑक्साइडमधल्या पिनहोलचा (सूक्ष्म छिद्राचा) संशय घ्यायचा. सगळे चॅनेल एकत्र वरखाली होत असतील तर तो कॉमन मोड. प्रत्येक इव्हेंटला 128 चॅनेलांचा मीडियन वजा केला की आकडे सुधारतात, पण दोष राहतोच. ग्राउंड लूप आणि बायस रिटर्नची वाट शोधून तो मुळातच काढावा. स्विचिंग पॉवर सप्लायही तपासायचा. सीएमएसच्या 3.8 टेस्ला क्षेत्रात फेराइट कोअर सॅच्युरेट होतो, म्हणून तिथल्या डीसी-डीसी कन्व्हर्टरला एअर-कोअर कॉइल लागते, आणि तिचा विखुरलेला फ्लक्स शील्डनं अडवावा लागतो.

चुंबकीय क्षेत्राचा त्रास एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ प्रयोगात वायरबाँड तुटू लागले होते. ट्रिगर ठरावीक लयीत आले की करंटचे झटकेही त्याच लयीत येत. लोरेंट्झ बलाने तारा हलत, आणि ती लय तारेच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की तार टाचेपाशी तुटे.

घरी करून पाहायचं असेल तर जेएफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) इनपुटचा प्रीअ‍ॅम्प बांधा, फीडबॅकला 1 पिकोफॅरड आणि त्याला समांतर 100 मेगाओहम. इनपुटला 1 पिकोफॅरडमधून 3.5 मिलिव्होल्टची स्टेप दिली की एका कणाइतका चार्ज मिळतो. जनरेटरवरून 350 मिलिव्होल्ट घ्या आणि बोर्डाजवळ 50 ओहमच्या अ‍ॅटेन्युएटरनं शंभरपट उतरवा, नाहीतर केबलमधला पिकअपच मोजत बसाल. बोर्डाची स्वतःची स्ट्रे कपॅसिटन्स सहज अर्धा पिकोफॅरड भरते, आणि ती त्या दोन्ही 1 पिकोफॅरडांत मिसळते. त्यामुळे गेनच्या आकड्यावर विसंबण्याआधी टेस्ट कपॅसिटर बोर्डावर बसवलेला असतानाच मोजून घ्या.