पाळीची कळ आणि उशिरा घेतलेली गोळी

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात भयंकर कळा येतात. अगदीच सहन होईना की गोळी घेते, पण गुण येत नाही.

उत्तर : तोवर उशीर झालेला असतो. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं गर्भाशय आवळतात, रक्तपुरवठा घटतो आणि कळ उठते. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी ती द्रव्यं नव्यानं बनू देत नाही. आधी बनलेल्यांवर तिचं काही चालत नाही. म्हणून पहिली कळ जाणवताच ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, काहीतरी खाऊनच. लागली तर ८ तासांनी दुसरी. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळा. उकळतं पाणी नको, कातडी भाजते. दुखणं महिन्यागणिक वाढतंय, शौचाच्या वेळीही कळ येते? एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे का, हे तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, ‘लग्नानंतर थांबेल’ म्हणून कृपया थांबू नका.