मुलाच्या प्रश्नाला भित्रेपणा म्हणू नका

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला. पायलट व्हायचं हे त्याचंच स्वप्न. फ्लाइंग स्कूलसाठी मी जमीन तारण ठेवून कर्ज काढतोय. आता मुलगा म्हणतो, टेकऑफला इंजिन बंद पडलं तर? मी म्हटलं, वळायचं आणि रनवेवर यायचं, त्यात काय! आता माघार नाही. त्याची भीती तुम्ही घालवा.
— एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : त्याची भीती मी घालवणार नाही. मला धास्ती वाटली ती तुमच्या उत्तराची.

सेस्ना १७२ एस हे शिकाऊ पायलटांचं छोटं विमान चारशे फुटांवर असताना इंजिन गेलं, तर चढणीसाठी वर असलेल्या नाकामुळे वेग काही सेकंदांतच ढासळतो. म्हणून आधी नाक खाली आणि ७० नॉटचा (ताशी सुमारे १३० किमी) ग्लाइड, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत खाली येणं. मग समोरच, थोडं डावं-उजवं करून, सापडेल त्या मोकळ्या जागेत उतरायचं. वेळ असेल तर मिक्श्चर (इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) आणि इंधन बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद, मग फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उतरता यावं म्हणून पंखांच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या पट्ट्या. विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच त्यानंतर बंद, कारण फ्लॅप विजेवर चालतात. विमान जमिनीला टेकण्याआधीच दाराची कडी काढायची. परत फिरायला १८० अंश पुरत नाहीत. वळताना विमान रनवेच्या रेषेपासून बाजूला जातं, म्हणजे जास्त वळून पुन्हा उलटं वळायचं. ज्या वेगाखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो स्टॉलचा वेग. विमान वळताना ४५ अंश कललं की तो सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. रनवे हाताशी दिसतो म्हणून पायलट नाक वर ओढतो, विमान स्टॉल होऊन गरगरतं आणि सावरायला उंचीच नसते.

चांगला पायलट प्रत्येक टेकऑफआधी हाच प्रश्न स्वतःला विचारतो. तुमच्या मुलाने तो आत्ताच विचारला.

मला काळजी आहे ती 'आता माघार नाही' या वाक्याची. रनअपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, दोनपैकी एकाच मॅग्नेटोवर चालवताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) १५० पेक्षा जास्त पडले, तर विमान परत न्यायचं असतं. तासाचे पैसे आणि घरची जमीन डोक्यात घेऊन बसलेला मुलगा 'चालेल' म्हणून निघेल. घरी 'नको' म्हणता येत नसेल, तर इन्स्ट्रक्टरसमोर तो कुठून म्हणणार?

फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे (देशाच्या विमान वाहतूक नियामकाचे) पेपर, लायसन्ससाठी उड्डाणाचे २०० तास हे तुम्हाला माहीत आहेच. कर्जावर सही करण्याआधी क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठी लागणारी वैद्यकीय तपासणी, पूर्ण करून घ्या. तिथे अडलं तर भरलेले पैसे अडकतात. फी परतीचे नियम लेखी मागा. मग त्याला इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा उडू द्या आणि सुरक्षित उंचीवर पॉवर कमी करून ग्लाइड दाखवायला सांगा. उतरल्यावर तो जे बोलेल ते ऐका, मध्ये बोलू नका. 'नको' म्हणाला, तर जमिनीची कागदपत्रं बँकेत नेऊ नका.